दिल्लीत स्तुती करण्याची रीत

दिल्लीत दोन प्रकारची स्तुती चालते. एकीने कामे होतात, दुसरी खरी असते. फाईल घेऊन आलेल्या मराठी माणसाने आधी पहिली शिकावी, कारण परतीचे तिकीट बहुधा परवाचेच असते.

हे शास्त्र लाल किल्ल्याच्या दरबारात आधीच बांधून तयार होते. दरबारी कसीद्याची, म्हणजे स्तुतिकाव्याची, अंगे ठरलेली असत. आधी तशबीब, म्हणजे वसंत, प्रेम, नशीब अशी इकडची तिकडची प्रस्तावना. मग गुरेज, म्हणजे तिथून अलगद वळून आश्रयदात्यापाशी येणे. मग मदह, ही प्रत्यक्ष स्तुती. शेवटी दुआ, आणि तिच्या आडोशाने मागणी. शास्त्री भवनातल्या दालनातही हाच क्रम ठेवावा. तशबीबीला दिल्लीची हवा पुरते. नोव्हेंबरात धूर, जानेवारीत धुके, मे महिन्यात लू. ‘अशा हवेतही साहेब रात्री नऊपर्यंत बसतात’ हा झाला गुरेज. मराठी उमेदवार नेमका इथेच घसरतो. खुर्ची ओढतानाच तो विचारतो, ‘ते आमच्या प्रस्तावाचं काय झालं?’ दुआ होईपर्यंत फाईल पिशवीतच असावी.

मदहमध्ये तपशील देऊ नये. रस्त्याचे नाव घेतले की ऐकणाऱ्याला त्यावरचे खड्डे आठवतात. ‘साहेब आले आणि खात्याचा चेहराच बदलला’ हे वाक्य साहेब बदलले तरी चालते. स्तुतीचे माप सत्तेच्या मापाने घेण्याचेही कारण नाही. कंपनीच्या तनख्यावर जगणाऱ्या बहादूरशहाची हुकमत किल्ल्याच्या भिंतींबाहेर फारशी उरली नव्हती, तरी कवींनी त्याला प्राचीन सम्राटांच्या पंक्तीतून उठवले नाही.

मात्रा मात्र जपावी. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी इंदिरा म्हणजे इंडिया आणि इंडिया म्हणजे इंदिरा असे समीकरण मांडले. १९७७ मध्ये इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. इंडिया होता तिथेच राहिला.

मागणी कशी करावी हे गालिबकडून शिकावे. १८५० मध्ये बादशहाने त्याला किताब दिले आणि तैमूर घराण्याचा इतिहास लिहिण्यासाठी महिना ५० रुपये नेमले, पण पैसे हाती पडत सहा महिन्यांनी. गालिबने पद्यातच अर्ज केला. बादशहाला आकाशाएवढे सिंहासन दिले आणि मग हिशेब मांडला: दरमहा उसनवारी होते, पगाराचा तिसरा हिस्सा सावकार खातो, तेव्हा पगार महिन्याच्या महिन्याला मिळावा. लोणी भरपूर लावले आहे, पण आकड्यात कुठेही अतिशयोक्ती नाही. सरकारी अर्जाचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण.

दुसऱ्या प्रकाराचा नमुनाही गालिबचाच सांगतात. शायर मोमिनच्या एका शेरावर तो इतका खूश झाला, की या एका शेराच्या बदल्यात आपला अख्खा दीवान देऊ म्हणाला. ही आख्यायिका असेलही, पण तिच्यात सगळी लक्षणे आहेत: स्तुती एका नेमक्या शेराची, करणारा त्याच धंद्यातला, मोमिनकडे त्याचे काम काही अडलेले नाही, आणि बोलण्यात पदरचे काहीतरी जाते आहे.

याचा सराव दालनात करू नये. महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात करावा. पोहे खाऊन ‘अप्रतिम’ म्हटले तर वाढणारा मान हलवून पुढच्या टेबलाकडे जातो. ‘कांदा कच्चाही नाही, करपलेलाही नाही’ म्हटले तर तो थांबतो. ‘वाईट नाही’ ही मराठी मुलखातली सर्वोच्च पदवी असली, तरी दिल्लीत ती तक्रार समजली जाते.

पुढे एखाद्या साहेबाचे टिपण खरोखरच चांगले उतरलेले आढळले, तर तेवढे एक टिपण घेऊन, त्यातला नेमका परिच्छेद सांगून बोलावे. साहेब थोडा वेळ दुआची वाट पाहतील. मग स्वतःच विचारतील, ‘काम क्या है?’ अशा भेटीला फाईल नेऊच नये. नेलीच असेल तर बाहेर शिपायापाशी ठेवावी आणि निघताना आठवणीने परत घ्यावी.