सबब राजीनामा मंजूर

आवडत्या नोकरीचा राजीनामा निदान चांगल्या मराठीत द्यावा, एवढीच माझी अपेक्षा होती. पाथरीतल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा मी ग्रंथपाल. माझा जीव नोकरीवर होता, पगारावर नव्हे. जीव जडावा इतका वेळ पगार कधी हातात थांबलाच नाही. शासनाचं अनुदान आलं की तो व्हायचा, आणि ते येईपर्यंत किराणा दुकानदारालाच वाचनालयाचा आश्रयदाता मानावं लागायचं. पुण्याला लेकीला बाळ झालं, तिची रजा संपत आली आणि फोन आला, "बाबा, आता तुम्ही दोघं या."

मसुद्यासाठी आदर्श मात्र तोलामोलाचे घेतले. टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, तेव्हा त्यांचा राजीनामा काही एका पानात आटोपला नव्हता. चिंतामणराव देशमुखांनी १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं. माझ्यापुढचा प्रश्न नातवाला कोण सांभाळणार एवढाच होता, पण म्हणून भाषेत काटकसर कशाला?

शिवाय पाथरी सोडण्याला परंपरा आहे. हा माझा आवडता विषय, त्यामुळे वाचकांनी जरा टेकून बसावं. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असं इतिहासकार फिरिश्ता लिहून गेलाय. त्यातला एक जण विजयनगरकडे गेला. त्याचा मुलगा बहामनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावानं चढत चढत वजीर झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद बहामनींच्या नोकरीत जुन्नरला होता. त्यानं १४९० साली त्याच बहामनींचं चालून आलेलं सैन्य हरवलं आणि स्वतःचं राज्य थाटलं. मी याला राजीनामाच म्हणतो. महिन्याची नोटीस नाही, चार्ज देणं नाही, ना-देय प्रमाणपत्र नाही. पुढं १४९४ला त्यानं नगर शहर वसवायला घेतलं. त्याचा मुलगा बुऱ्हाण गादीवर बसला आणि त्याला आठवण झाली ती पाथरीची! गाव वऱ्हाडच्या इमादशहाकडे होतं. हा म्हणाला, वाडवडिलांचं गाव आहे, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. तो नाही म्हणाला. मग १५१८मध्ये बुऱ्हाणनं पाथरी लढून घेतली. तख्त होतं, हत्ती होते, किल्ले होते, तरी माणसाचा जीव पाथरीच्या कुलकर्णपणात अडकलेला. हे वाचलं की मला दर वेळी भरून येतं. वाचनालयात हे ऐकायला सहसा कोणी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरं उदाहरण साईबाबांचं. ते मूळचे आमचेच, असं आम्ही पाथरीकर मानतो, शिर्डीकर मानत नाहीत. जानेवारी २०२०मध्ये मुख्यमंत्र्यांनी जन्मस्थान म्हणून पाथरीला १०० कोटी जाहीर केले, तर तिकडं शिर्डी बंद! थोडक्यात, पाथरी सोडणारा एक तर राजघराणं काढतो, नाही तर देवपदाला पोचतो. मी हडपसरला चाललो होतो.

तर मी चार पानी राजीनामा दिला. रात्री बायकोला म्हणालो, "सोडणार नाहीत गं सहजासहजी. मनधरणी करतील. काय सांगायचं, ते ठरवून ठेवायला हवं." ती म्हणाली, "अहो, आधी बॅगांचं बघा."

अध्यक्षांनी चार पानं हातात तोलली. "जायलात का सर? बरं करायलात. लेकीपशी राहावं माणसानं. कपाटाची किल्ली कोणाकडं देणार मग?" मनधरणी एवढीच. कार्यकारिणीच्या बैठकीत माझा विषय 'ऐनवेळचे विषय' या सदरात आला. त्याआधी वाचनकक्षाचा पंखा दुरुस्त करावा की नवा घ्यावा, यावर मात्र सदस्य पोटतिडकीनं बोलले.

आता जरा चिडून लिहितो. ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. गावोगावच्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आहेत, तपासणी आहे, दप्तर आहे. नाही तो फक्त पोट भरेल असा पगार. माझ्या जागी कोण येणार, हे कोणी विचारलं नाही, कारण एवढ्या पैशात कोणी येणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. विचारलं ते अभ्यासिकेत पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीनं. घर दोन खोल्यांचं, त्यात माणसं सात, म्हणून ती उजाडताच यायची. "सर, तुमच्या मागं सकाळी सहाला कुलूप कोण उघडील?" टिळक-देशमुखांच्या तोडीची भाषा येणाऱ्या मला तेव्हा "बघू" एवढंच म्हणता आलं.

यथावकाश ठराव झाला, सर्वानुमते. पण संस्थेची पत्रं लिहिणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. त्यामुळे माझा राजीनामा मंजूर झाल्याचं मला कळवणारं पत्रही मलाच लिहायला सांगितलं. अशी संधी चिंतामणरावांनाही मिळाली नसेल. मी हात आखडता घेतला नाही. 'व्यासंगी', 'निःस्पृह', 'कधीही भरून न निघणारी हानी', सगळं घातलं. अध्यक्षांनी ते लक्षपूर्वक वाचलं, लाल पेनानं विशेषणं एकेक करून छाटली आणि खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली : 'सबब राजीनामा मंजूर. पंखा दुरुस्तीसही मान्यता.'

पत्र मी जावक रजिस्टरला चढवलं, पाकीट मलाच दिलं, आणि पोच म्हणून सहीही मीच केली.