ओहोटीचा फोटो

आमच्या घरात ‘फॅमिली’ या शब्दाचा अर्थ पिढीगणिक बदलतो. अण्णा, म्हणजे माझे सासरे, लग्नाचं आमंत्रण आलं की “फॅमिलीसह येतो” म्हणतात, तेव्हा ते फक्त सासूबाईंना घेऊन जाणार असतात. नवऱ्याच्या लेखी फॅमिली म्हणजे आम्ही दोघं आणि दोन मुलं. आणि माझ्या डोळ्यांपुढे हा शब्द ऐकला की लहानपणच्या उडुपी हॉटेलातली ‘फॅमिली रूम’च येते: अर्ध्या उंचीचं झुलतं दार, आत चार खुर्च्या, आणि बाहेरच्यापेक्षा जास्त उकाडा. त्यामुळे बेटावरच्या एका रिसॉर्टच्या जाहिरातीत ‘फॅमिली-फ्रेंडली’ असं वाचलं, तेव्हा हे नेमकी कोणाशी मैत्री करणार आहेत, असा प्रश्न मला पडला. आम्ही सहा जण. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, धाकटी सहा वर्षांची, आणि मध्ये एक तेरा वर्षांचा मुलगा, ज्याची सध्या कोणाशीच मैत्री नाही.

खरं तर आधी मालदीव ठरत होतं. तिथे बहुतेक ठिकाणी एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट असा हिशेब असतो. विमानतळावरून स्पीडबोटीने जायचं, नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने. ते विमान उडतं दिवसाउजेडीच, म्हणजे आपण संध्याकाळी पोचलो तर रात्र अलीकडेच काढायची. नवरा हे सगळं तक्ते करून समजावत होता. अण्णांनी चहाचा घोट घेत विचारलं, “बेटाला एक फेरी मारायला किती वेळ लागतो?”

“पंधरा-वीस मिनिटं.”

“आणि उरलेले चार दिवस?”

तक्त्यात याचं उत्तर नव्हतं. शिवाय पाण्यातल्या खांबांवरच्या ज्या खोल्यांसाठी माणसं मालदीवला जातात, त्या खोल्या बऱ्याच ठिकाणी लहान मुलांना देत नाहीत. तक्ता मिटला. २०२४च्या जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले होते, तेव्हा आमची अख्खी सोसायटी व्हॉट्सअ‍ॅपवर लक्षद्वीपला निघाली होती. परवाना लागतो हे कळल्यावर तिथेच थांबली. आम्हीही थांबलो.

मग अण्णा एवढंच म्हणाले, “सेल्युलर जेल बघायचं राहिलंय.” आमच्या घरात या वाक्यानंतर मतदान होत नाही. १९११ साली सावरकरांना जिथे नेलं, तिथे आपण अजून गेलो नाही, ही खंत अण्णा निदान माझं लग्न झाल्यापासून तरी बाळगून आहेत. “सरकार पूर्वी तिथे स्वतःच्या खर्चाने पाठवत असे, आता आपण जीएसटी भरून जायचं,” असं मी म्हटलं. अण्णा हसले नाहीत.

तर अंदमान. जेलसाठी एक दिवस, आणि बाकीचे चार बोटीने पुढे हॅवलॉकवर, असं ठरलं. ‘हॅवलॉक’ म्हटल्याबरोबर अण्णांनी मला थांबवलं. १८५७मध्ये बंड मोडायला लखनौवर चालून गेलेल्या सेनापतीचं नाव ते; २०१८पासून बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरचंही २०२४मध्ये श्री विजयपुरम झालं. अण्णांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, फक्त हॉटेलवाल्यांच्या पाट्यांपर्यंत ते पोचलं नव्हतं. मी मोबाइलवर शोधताना ‘हॅवलॉक’ टाइप करायचे आणि तोंडाने ‘स्वराज द्वीप’ म्हणायचे. संसारात असं बरंच चालतं.

पर्यटनवाल्या पोराशी फोनवर बोलणं हे एक वेगळंच शिक्षण. तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला मॅप देऊ का?” मी म्हटलं, नकाशा आहे आमच्याकडे. थोड्या शांततेनंतर कळलं की ‘मॅप’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. नुसता नाश्ता असेल तर सीपी, सगळी जेवणं असतील तर एपी. धाकटीचं त्याच्या यादीतलं नाव ‘चाइल्ड विदाउट बेड’ असं होतं. ते तिला कळल्यावर ती दोन दिवस रुसली होती. थोरल्याचं नाव ‘एक्स्ट्रा मॅट्रेस’. त्याला ते आवडलं असावं, कारण त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच हसला.

मग खोल्यांचे दर्जे. समुद्राकडे तोंड असलेली खोली निराळी, समुद्र दिसणारी निराळी, समुद्र थोडासा दिसणारी त्याहून निराळी. थोडासा म्हणजे किती, तर खिडकीत उभं राहून मान डावीकडे वळवली तर. बागेकडची खोली सगळ्यात स्वस्त. निकोबारी कॉटेज नावाचा एक सुंदर प्रकार होता, खांबांवर उभारलेली शाकारलेली झोपडी. फोटो पाहून मी हरखले. अण्णांनी फोटोतल्या पायऱ्या मोजल्या आणि आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

ज्या रिसॉर्टांनी स्वतःला फॅमिली-फ्रेंडली म्हणवून घेतलं होतं, त्यांनी पाठवलेल्या फोटोंत मात्र कुटुंब कुठेच नव्हतं. पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसलेले, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. एकाने किनाऱ्यावर मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण फुकट देऊ केलं, दोघांसाठी. बाकीच्या चौघांनी तेव्हा काय करायचं, याबद्दल तो काही बोलेना.

घरातल्या मागण्या एव्हाना जमा झाल्या होत्या. धाकटीला घसरगुंडीचा स्विमिंग पूल हवा होता. समुद्र समोर असताना पूल कशाला, असं नवऱ्याने विचारलं, तर ती म्हणाली, “समुद्राला घसरगुंडी नसते.” थोरल्याला वाय-फाय. चेन्नईहून समुद्राच्या तळातून टाकलेली केबल २०२०मध्ये सुरू झाली हे त्याने स्वतः शोधून काढलं होतं. इतिहास-भूगोलात त्याला असा रस मी पहिल्यांदाच पाहिला. अण्णांना पाश्चात्त्य पद्धतीचा संडास आणि पाचला चहा. नवऱ्याला शांतता. मला, खरं सांगायचं तर, स्वयंपाक नको होता. बाकी कुठलाही दर्जा चालला असता.

आई, म्हणजे सासूबाई, काहीच मागत नव्हत्या. त्यांचं माहेर दापोलीकडचं, अगदी समुद्राकाठचं. पण तिकडची घरं तुम्ही पाहिली असतील: घराचं तोंड पाखाडीकडे, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या मागे गडगा, गडग्यापलीकडे पुळण, आणि मग समुद्र. समुद्र परसदारी. आंघोळीच्या पाण्याचा हंडा, गोवऱ्या आणि समुद्र या मागच्या बाजूच्या गोष्टी. पुळणीवर लोक कशासाठी जात, ते पहाटे तांब्या घेऊन निघालेल्या कोणालाही विचारावं. रात्री समुद्राचा आवाज येऊन झोप मोडते म्हणून आईंच्या आजीने मागची खिडकी बुजवून घेतली होती. त्या खिडकीचे आता रात्रीला बारा हजार पडतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांची अट एकच: मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन झाल्याशिवाय घर सोडणार नाही. म्हणून नाताळची सुट्टी.

एका दुपारी मी टेबलावर टॅब ठेवून तीन रिसॉर्टांचे फोटो बघत होते. सगळे सारखेच: निळंशार पाणी, पाण्यावर ओणवलेलं झाड, झाडाला झोका. आई मेथी निवडत होत्या. चष्मा वर करून त्यांनी एकदा पाहिलं.

“हा भरतीचा फोटो आहे.”

“म्हणजे?”

“अगं, मुळांपर्यंत पाणी आहे बघ. सहा तासांनी काय दिसतं तिथे?” मग दुसरा फोटो. “हाही भरतीचाच.” तिसरा. “हा तर उधाणाचा.”

त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं आणि बोटावर हिशेब केला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी चढतंही खूप आणि ओसरतंही खूप. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी जागच्या जागी. “मुलांना उतरवायचं तर भांगाचे दिवस बरे,” त्या म्हणाल्या आणि मेथीकडे वळल्या. महिनाभर आम्ही अनोळखी माणसांचे अभिप्राय वाचत होतो. कोणी पाच तारे दिलेले, कोणी पनीर कडक होतं म्हणून एकच. समुद्राबद्दल कोणी अवाक्षर लिहिलं नव्हतं.

मी तिन्ही ठिकाणी फोन केला. ओहोटीचा फोटो हवा, हे हिंदीत कसं सांगायचं? पहिल्याला ‘लो टाइड’ म्हटलं, त्याने लो बजेट ऐकलं आणि बागेकडची खोली देऊ केली. दुसरा म्हणाला, “मॅडम, हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं होता.” चंद्राशी त्यांचा काही करार झाला असावा. तिसऱ्याच्या वेळी मला ‘ज्वार-भाटा’ आठवलं. “भाटे का फोटो भेजिए.” पलीकडचा माणूस बंगाली. १९५०च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना या बेटावर वसवलं. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर ही इथल्या गावांची नावं. भाटा हा शब्द बंगालीतही भाटाच. तो मोकळा हसला. “भाटा? अच्छा, कल भेजता है.”

दुसऱ्या दिवशी फोटो आला. झोक्याचं झाड तेच, पण झोक्याखाली पाण्याचा थेंब नाही. पाणी लांबवर मागे गेलेलं. अलीकडे काळे करडे खडक, मेलेली प्रवाळं, मधे मधे डबकी, आणि मधोमध एक तांबूस कुत्रा, कॅमेऱ्याकडे अविश्वासाने बघणारा. फोटोखाली लिहिलं होतं, ‘चप्पल लाना.’

त्या रिसॉर्टला पूल नव्हता, वाय-फाय फक्त जेवणघरात होतं. आम्ही तेच ठरवलं. नवरा म्हणाला, “इतकी कुरूप जागा निवडायला आपल्याला दोन महिने लागले.”

जेलबद्दल इथे लिहीत नाही. सातांपैकी तीनच इमारती आता उभ्या आहेत. तिथल्या कोठडीत अण्णा बराच वेळ उभे होते आणि बाहेर आल्यावर जेवेपर्यंत बोलले नाहीत.

बेटावर पोचलो ती तिथी चतुर्थी. आईंच्या हिशेबाने भरती तीनला. आम्ही अडीचला टॉवेल घेऊन हजर, तर पाणी केव्हाच परतीला लागलेलं. आईंनी पुन्हा बोटं मोजली. “इथला समुद्र घाईत आहे.” पाऊणपटीचा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, आणि प्रत्येक किनाऱ्याचं घड्याळ वेगळं. सूर्याचीही तीच तऱ्हा. अंदमान मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस अंश, पण घड्याळ तेच भारताचं. त्यामुळे डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. राधानगरच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायचा म्हणून आम्ही आपल्या सवयीने सहाला निघणार होतो; बंगाली दादाने वेळेवर हाकललं म्हणून तो मिळाला. राधानगर मात्र खरोखर जाहिरातीसारखं आहे. पश्चिमेकडे तोंड, मऊ वाळू, मागे प्रचंड झाडं. तिथे आम्ही दोन संध्याकाळी मनसोक्त डुंबलो. थोरल्यानेही तोंडाने नाही तरी फोनने कबूल केलं, सत्तर फोटो काढले.

पण धाकटीला विचाराल तर ती राधानगरचं नाव घेणार नाही. ती रोज ओहोटीची वाट बघायची. पाणी गेलं की पायांत चपला घालून ती आणि तिची आजी त्या खडकांवर. आजीने नऊवारी नव्हे, साधी पाचवारीच घोट्याच्या वर खोचलेली. दोघींच्या हातापायांना खोबरेल चोपडलेलं, कारण तिथल्या वाळूत डोळ्यांना न दिसणाऱ्या माश्या असतात, चावतात आज आणि खाजतं आठवडाभर. हा उपाय आईंनी न विचारता सुरू केला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतलं नवपरिणीत जोडपं वाटी घेऊन आलं. एकेका डबक्यात एकेक संसार. समुद्रकाकडी नावाचा काळा लोळागोळा. इवले निळे मासे. धाकटीने एक सुंदर शंख उचलला तर त्याला पाय फुटले आणि ती किंचाळून हसली. “ठेव खाली,” आजी म्हणाली, “आत बिऱ्हाड आहे.” शंख-प्रवाळ बेटाबाहेर न्यायला बंदी आहे, विमानतळावर सामान तपासतात, वगैरे मी सांगणार होते. त्याची गरज पडली नाही.

तो तांबूस कुत्रा अंतर राखून दोघींच्या मागे मागे असायचा.

आमच्या खोलीला छोटा व्हरांडा होता, समोर थेट समुद्र. त्याचेच तर पैसे. तिथे वेताची एक खुर्ची होती. पहिल्या दुपारी आईंनी ती उचलली, खोलीच्या मागच्या अंगाला नेली आणि रस्त्याकडे तोंड करून बसल्या. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसायचं, सायकलवरून मासळी घेऊन येणारा दिसायचा, शाळेतून परतणारी पोरं दिसायची. हॉटेलातला मुलगा रोज सकाळी इमानेइतबारे खुर्ची परत व्हरांड्यात, समुद्राकडे तोंड करून मांडायचा. आई रोज चहा झाला की ती पुन्हा मागे न्यायच्या. चौथ्या सकाळी मी उठले तेव्हा खुर्ची मागच्या बाजूलाच होती, आणि तिच्या शेजारी त्याने अण्णांसाठी आणखी एक आणून ठेवली होती.