माझ्याकडे चालतंय

डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या या गृहस्थांचा पहिला सिद्धांत असा, की चूक नेहमी गिऱ्हाइकाच्या टेबलावर जन्माला येते. स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोज १०, भरपूर रॅम आणि आजवर लागेल तसं टाकत गेलेलं सगळं काही. तिथे प्रोग्रॅम न चालून सांगतो कुणाला?

दूध संस्थेच्या सचिवांचा फोन येतो. "साहेब, बिलिंग उघडेना."

"रीस्टार्ट केलं?" केलं. "अँटिव्हायरस बंद केला?" तो मुळातच नाही. "राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर?" तेही झालं.

"माझ्याकडे तर चालतंय हो!" हे ते अशा सुरात म्हणतात, की सचिवांना स्वतःच्याच चारित्र्याची शंका यावी.

स्क्रीनवर काय लिहून आलंय, हा प्रश्न यांना सर्वांत शेवटी सुचतो. (डॉक्टरांनी असं केलं असतं तर याच साहेबांनी दवाखाना डोक्यावर घेतला असता.) सचिव सावकाश वाचू लागतात, "एपीआय, आडवी रेघ, एमएस, आडवी रेघ, विन, आडवी रेघ, सीआरटी... बरंच आहे, साहेब. शेवटी डीएलएल सापडत नाही म्हणतंय."

"विंडोज कुठलं तुमचं?"

"सात."

आता साहेबांच्या आवाजाला धार चढते. ही फाइल विंडोज १० मध्ये आधीपासूनच असते. सातवर व्हिज्युअल सी++ चा रनटाइम वेगळा बसवावा लागतो आणि त्याआधी २०११ चा सर्व्हिस पॅक १ लागतो. इन्स्टॉलरमध्ये रनटाइम घालायचं काम साहेबांचं होतं. पण ते म्हणतात, "अहो, सातचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला!"

"संपला असेल. म्हशींना कुणी कळवलेलं नाही. पहाटे दूध येतंच."

तेवढ्यात सचिवांच्या पुतण्याने कुठल्याशा साइटवरून ती फाइल उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाकलेली असते. आता प्रोग्रॅम दुसरीच फाइल मागतो. साहेबांना हायसं वाटतं. दोष द्यायला पुतण्या मिळाला.

पुढच्या आवृत्तीत रनटाइम गुपचूप इन्स्टॉलरमध्ये शिरतो. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, "खास ग्राहकांच्या आग्रहास्तव, आता विंडोज ७ वरही!" खाली बारीक टाइपात वार्षिक देखभाल शुल्काचा नवा दर.