माडीवरचं दौंड

"काकू, एक विचारू का? काल रात्री तुमच्या माडीवरनं शिट्टी कसली येत होती? आमचं धाकटं दचकून उठलं."

"अगं बाई! भिंगारात राहून शिट्टीला दचकतं? के. के. रेंजवर तोफा वाजतात तेव्हा तर कूससुद्धा बदलत नाही. दौंडला इंजिन फिरत होतं ते."

"दौंडला? आणि शिट्टी तुमच्या माडीवर?"

"दौंड माडीवरच आहे आमचं. ये अशी भिंतीजवळ, नाहीतर सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. हे लष्कराच्या बांधकाम खात्यातून, एमईएसमधून, रिटायर झाले तेव्हा गच्चीवर भाजीपाला लावतो म्हणाले होते. कुंड्या आणल्या, माती आणली. मग पुतणीच्या लग्नाला पुण्याला गेलो, आणि ऐन हळदीच्या दिवशी हे गायब! कुठं, तर कोथरूडला, जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात. भाऊसाहेब जोशींनी जन्मभर हाच नाद केला आणि १ एप्रिल १९९८ ला तो लोकांसाठी खुला केला. एका हॉलात अख्खं गाव वसवलंय म्हणे. गाड्या आपोआप सुटतात, सिग्नल लाल झाला की थांबतात, कुणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी इकडे अक्षता पडतायत आणि ह्यांच्या तोंडी सिग्नल. त्या कुंड्या अजून तशाच पडल्यात, हव्या तर घेऊन जा."

"नेते की. पण म्हणजे खेळण्यातली आगगाडीच ना?"

"हळू बोल! ऐकलं तर जेवायचे नाहीत. खेळणं नाही, मॉडेल म्हणायचं. खऱ्या गाडीच्या बरोब्बर सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. ह्या मापाला ते एचओ म्हणतात. तुझ्या नवऱ्याला त्या मापात उभा केला तर दोन सेंटिमीटरसुद्धा भरायचा नाही."

"आत्ता तरी कुठं फार भरतात!"

"बघ बाई, तूच म्हणालीस. तर आपलं जुनं डिझेल इंजिन, ते डब्ल्यूडीएम-२, ह्या मापात होतं वीतभर. हल्लीचा एलएचबी डबा २७ सेंटिमीटर. चोवीस डब्यांची गाडी करायची तर साडेसहा मीटर जागा हवी, आणि आमची खोली दहा बाय बारा. म्हणून आमच्याकडच्या सगळ्या एक्स्प्रेस चार डब्यांच्या. वेटिंग लिस्टचं विचारूच नकोस."

"पण एवढं करत बसण्यापेक्षा विकत का नाही आणत?"

"तिथंच तर गोम आहे. जर्मनीची, अमेरिकेची इंजिनं हवी तेवढी मिळतात, आपली शोधावी लागतात. किमतीही अशा, की मी विचारायचं सोडून दिलंय. त्यातून रुळांचं दुखणं वेगळंच. बाजारात ह्या मापाचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, कारण तिकडे खऱ्या रुळांत अंतर १४३५ मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज १६७६ ची. तिला सव्वाएकोणीस पाहिजेत. त्यामुळे आपलं इंजिन त्या रुळांवर ठेवलं की थोराड बाई लहानशा पाटावर बसल्यासारखं दिसतं. बाकीचे लोक चालवून घेतात. मी म्हटलं, तुम्हीही घ्या, मोजायला कोण येतंय? पण ह्यांचा जन्म मोजमापात गेलेला! शेवटी समाधान मिळालं कशात, तर बार्शी लाईटमध्ये."

"बार्शी लाईट? माझ्या आजीच्या तोंडी असायची ती."

"तीच. १८९७ ला सुरू झालेली. तिच्या रुळांत ७६२ मिलिमीटर. भागाकार कर, पावणेनऊ येतात. आणि ह्याहून लहान मापाच्या गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात! ज्या दिवशी हे गणित जमलं त्या दिवशी ह्यांनी स्वतः श्रीखंड आणलं. खरी बार्शी लाईट केव्हाच ब्रॉडगेज झाली, आमची कपाटावरून धावते. खालची मोटर आणि चाकं परदेशी, वरचं अंग सनबोर्ड कापून घरी केलेलं. पुढचा मधला बफर म्हणजे माझी काळी टिकली. रुळांखालची खडी माझ्या रव्याच्या चाळणीतनं चाळलेली, गवत म्हणजे वखारीतला भुसा हिरवा रंगवून, आणि जमीन चहाच्या चोथ्याची. गेल्या पावसाळ्यात त्या जमिनीला बुरशी आली. आता चोथा कढईत भाजून वापरतात. कढई कुणाची ते सांगायला नको."

"पण दौंड कशाला? आपलं नगर स्टेशन करायचं की."

"मी हेच म्हटलं. तर म्हणाले, नगरला गाडी येते आणि जाते, त्यात करायचं काय? पुण्याहून नगरला येताना दौंडला गाडीचं तोंड फिरायचं, आठवतं? इंजिन सुटायचं, फिरून दुसऱ्या टोकाला लागायचं, तोवर आपण पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायचो. १८७८ ची ती दौंड-मनमाड लाईन, तेव्हापासूनचं हे लचांड. आता कॉर्ड लाईन झाली, पुण्याच्या गाड्या बाहेरच्या बाहेर वळवता येतात. सगळे खूश, हे एकटे नाराज. गोल गोल फिरणारी गाडी पाच मिनिटांत कंटाळा आणते, खरा खेळ शंटिंगचा, असं ह्यांचं म्हणणं. आणि खरं सांगू, ते मला पटलंय. नातू आला की गोल फिरणाऱ्या गाडीकडे बघत नाही, डबे सोडायला आणि जोडायला मात्र दोन-दोन तास बसतो."

"म्हणजे कॉर्ड लाईन केलीच नाही?"

"करायला गेले होते. ऐक. ही गाडी बारा व्होल्टवर चालते. एका रुळात अधिक, दुसऱ्यात उणे. तारा उलट्या केल्या की गाडी मागं. आता पुणे, दौंड, नगर असा रुळांचा त्रिकोण केलास की एका ठिकाणी अधिकचा रूळ उणेच्या रुळाला जाऊन भिडतो. शॉर्ट! मग एका बाजूचे रूळ मध्येच तोडायचे, तेवढ्या तुकड्याला वेगळी वायर, वेगळं बटण. ह्यांनी दोन रविवार वायरी ओढल्या आणि मग जाहीर केलं, आपलं दौंड जुन्या काळातलं आहे."

"हुशार आहेत काका. आणि बीडची गाडी?"

"ती आहे ना! १९९५ ला मंजूर झालेली लाईन, बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाला. ह्यांनी त्याच दिवाळीत फळी ठोकली. पण आमची नारायणडोहपर्यंतच जाते. पुढं भूसंपादन अडलंय."

"माडीवर कसलं भूसंपादन?"

"माझं साड्यांचं कपाट आहे तिथं. ते मी हलवू देत नाही."

"बरंच करता! मग आमच्या थोरल्याला दाखवायला आणू का?"

"रविवारी आण की. रणगाड्यांचं म्युझियम बघून आलाय ना तो, ह्यांना प्रश्न विचारणारं पोरगं हवंच आहे. फक्त पोहे-भजी खाऊन तसाच पाठवू नकोस, हात साबणानं धुऊन आण. बोटांचं तेल रुळांना लागलं की चाकांपर्यंत वीज पोचत नाही, आणि गाडी जागच्या जागी थांबते."