ढाळाला रेट नाही

अँटॉप हिलच्या आमच्या नव्या टॉवरमध्ये पावसाचं पाणी घरात शिरतं, ही निव्वळ बदनामी आहे. पाणी बाथरूममधून येतं आणि बारा महिने येतं. पाऊस फक्त चार महिने खिडकीच्या फटीतून त्याच्या भेटीला येतो.

बाकी कशाचीच कमतरता नाही. लॉबीत इटालियन मार्बल आहे, पोडियमवर बाग आहे, लिफ्टमध्ये मंद संगीत आहे. एवढंच की, बाथरूममधलं पाणी नहाणी ट्रॅपकडे जायचं सोडून दाराकडे येतं. हे प्रथम उघडकीला आणलं आमच्या मजल्यावरच्या ओव्हरसियरकाकांनी. काकांची उभी नोकरी सीपीडब्ल्यूडीत गेली आणि अर्धा संसार इथल्याच सीजीएस कॉलनीत झाला. सरकारी क्वार्टरला रंग लागायचा तो कुणी मोठा साहेब येणार असला तरच. पण आंघोळीचं पाणी मात्र मुकाट मोरीत जायचं. निवृत्तीची पुंजी ओतून काका टॉवरमध्ये आले, ते नातवाची एक गोटी खिशात घालूनच.

ताबा मिळाला त्या दिवशी त्यांनी ती गोटी बाथरूमच्या मधोमध ठेवली. गोटी क्षणभर घुटमळली, मग उंबऱ्याच्या पट्टीतल्या फटीतून निसटली, पॅसेज पार करून हॉलमध्ये आली आणि सोफ्याखाली जाऊन विसावली. नहाणी ट्रॅप कोपऱ्यात कोरडाठाक. मग काकांनी रुपयाचं नाणं काढून टाइल्स वाजवायला घेतल्या. भरीव टाइल टणटण वाजते, पोकळ ढबढब. आमच्या हॉलमध्ये तबलजी बसवला, तर त्याला डग्गा आणायची गरज पडणार नाही. शेवटी ओळंबा सोडला. बेडरूमची चौकट अर्धा इंच कललेली निघाली. दार आपोआप का मिटतं, याचा उलगडा झाला. माहितीपत्रकात ही सोय छापलेली नव्हती; बिल्डरचा विनय, दुसरं काय!

तक्रारींची यादी घेऊन आम्ही साइट सुपरवायझरकडे गेलो. मुलगा गोड आहे. भिंतीला बोट जाईल एवढी चीर दाखवली की म्हणतो, "सर, हेअरलाइन आहे. बिल्डिंग सेट होतेय." प्लास्टरवर निदान आठवडाभर तरी पाणी मारलं होतं का, असं काकांनी विचारलं. तेव्हा त्यांच्याकडे तो जुन्या भाडेकरूकडे पाहावं तसा पाहत राहिला.

ढाळ कुणी खाल्ला, याची चौकशी झाली. प्लंबर म्हणाला, टाइल्सवाल्याने उतार काढलाच नाही. टाइल्सवाला म्हणाला, प्लंबरने ट्रॅपच उंच बसवला, उतार काढू कुठे? वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, मी कोबा केला, दोन दिवस पाणी तुंबवून दाखवलं, थेंब गळला नाही. नंतर या दोघांनी छिन्नी मारली. यातली मौज ही की, तिघंही खरं बोलत होते. टाइल्सच्या मिस्त्रीला बाजूला घेतलं, तेव्हा त्याने कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितलं, "साब, फूट का रेट मिलता है. ढाल का अलग से कुछ नहीं."

सगळी मेख इथेच आहे. बिल्डर कंत्राटदाराला देतो, कंत्राटदार उपकंत्राटदाराला, तो मुकादमाला आणि मुकादम मिस्त्रीला. प्रत्येक जण आपला हिस्सा काढून रेट खाली सरकवतो. या साखळीत उतार व्यवस्थित दिलेला आहे, वरचा पैसा खाली जाईपर्यंत तो बरोबर मधल्या मधे जिरतो. मिस्त्रीच्या हाती येतो तो चौरस फुटाचा भाव. ढाळ, सांधा, कोपरा, पाणी मारणं, यातलं काहीच चौरस फुटात मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्याचं बिल होत नाही, आणि ज्याचं बिल होत नाही ते काम कोण करील?

कायदा आपल्या बाजूने आहे, हे मान्य. रेरा कायद्याचं कलम 14(3) म्हणतं की, ताबा दिल्यापासून 5 वर्षांत कामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. आमचा सुपरवायझर ते अक्षरशः पाळतो. तक्रार गेली की 30 दिवसांच्या आत एक पोरगा व्हाइट सिमेंटचा डबा घेऊन हजर. चीर बुजते, पावसाळ्यात उघडते, पुन्हा तक्रार, पुन्हा डबा. या वेगाने 5 वर्षांत भिंतीत विटांपेक्षा व्हाइट सिमेंट जास्त होईल.

अँटॉप हिलला उतार मुळीच मिळत नाही, असंही नाही. 2018च्या जूनमध्ये लॉइड्स इस्टेटपाशी भर पावसात रस्ता खचला आणि उभ्या गाड्या शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात गेल्या. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. मागून मिळत नाही तो ढाळ न मागता मिळतो, तो असा.

आता आपलं रहिवाशांचं. ताबा मिळाला की पहिलं काम काय, तर कोऱ्या टाइल्स फोडणे. डेब्रिजच्या गोण्या लिफ्टमधून उतरू लागतात आणि आपण नवा मिस्त्री शोधतो. त्याच्याशी घासाघीस कशावर? चौरस फुटाच्या रेटवर. शेजाऱ्याला पाच रुपये कमी लावलेस, मला का नाही? बिल्डरला शिव्या घालणारं तोंड इथे बिल्डरचीच भाषा बोलतं.

काकांनी मात्र रीत मोडली. मिस्त्रीच्या अंदाजपत्रकात स्वतःच्या हाताने वेगळी ओळ घातली: 'ढाळ दिल्याबद्दल, रु. 500'. मिस्त्रीने ती दोनदा वाचली, गालातल्या गालात हसला आणि लेव्हल काढून कामाला बसला. दोन दिवसांनी गोटी ठेवली, ती सरळ नहाणी ट्रॅपच्या जाळीवर जाऊन थांबली. बादलीभर पाणी ओतलं, सगळं सुळकन ट्रॅपमध्ये. काकांनी मिस्त्रीला चहा पाजला.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू ओला पंचा घेऊन दारात उभ्या. त्यांच्या बाथरूमच्या छतातून धार लागली होती. ट्रॅपखालचा पाइपचा सांधा कुणी भरलेलाच नव्हता. आता काका प्लंबरच्या अंदाजपत्रकात कितीची ओळ घालायची, याच्या विचारात आहेत.