गॅलरीत बसायचं तर पेठ सांगा

पुस्तकातला फुटबॉल अकरा जण विरुद्ध अकरा जण असा असतो. कोल्हापुरात तो पेठ विरुद्ध पेठ असतो, आणि मैदानातले बावीस जण हे त्या भांडणातले फक्त वकील. मूळ पक्षकार गॅलरीत बसलेले असतात, आणि आपल्या वकिलाला काही कळत नाही याबद्दल दोन्हीकडच्या पक्षकारांचं एकमत असतं.

डोंबिवलीहून बदली होऊन आलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. बँकेत पहिल्याच आठवड्यात मला अंबाबाईच्या दर्शनाची वेळ, मिसळीचं योग्य ठिकाण आणि गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध कधी प्यायचं, अशी सगळी माहिती मिळाली. शाहू स्टेडियमवर जाताना कुठली बाजू सांगायची हे मात्र कुणी बोललं नाही. बहुधा माणूस जन्मतःच एखाद्या बाजूचा असतो, असं त्यांनी गृहीत धरलं असावं.

तेव्हा मी गेलो आणि जिथं जागा दिसली तिथं बसलो. शेजारच्या गड्यानं पाच मिनिटं मला न्याहाळलं आणि विचारलं, "कुठली पेठ?"

"मी तसा कुणाचाच नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे खेळ चांगला झाला पाहिजे. कोणीही जिंको."

त्यानं पलीकडच्याच्या कानात काहीतरी सांगितलं. पलीकडच्यानं त्याच्या पलीकडच्याच्या. मग सगळी ओळ थोडी सरकून बसली. शेवटी पहिल्यानंच खालच्या आवाजात विचारलं, "साहेब, पोलिसातलं हाय काय तुमी?"

त्या गॅलरीत साध्या वेषात, कुणाचीही बाजू न घेता बसणारी माणसं पोलीस खात्यातलीच असतात, हे मला नंतर कळलं.

या बाजू घेण्याचं मूळ तालमीत आहे. शाहू महाराज 1902 मध्ये विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि 1912 मध्ये इकडं खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. महाराजांच्या आश्रयानं पेठापेठांत तालमी फोफावल्या. पुढं संस्थानी कोल्हापुरात फुटबॉल रुजला, तालमीतल्या पोरांनी लंगोट सोडून हाफ चड्डी चढवली, पण तालीम तीच राहिली आणि खुन्नसही तीच. म्हणून इथल्या संघांना युनायटेड, सिटी, रोव्हर्स असली नावं नसतात. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. परगावचा माणूस वर्तमानपत्रात 'पाटाकडीलची खंडोबावर मात' हा मथळा वाचतो आणि देवस्थानाच्या जमिनीचा निकाल लागला असेल असं समजून पान उलटतो.

तालीम गणपतीही बसवते, शिवजयंतीही करते आणि फुटबॉलही खेळते. वर्गणी मागायला येणारी पोरं तिन्ही वेळेला तीच असतात. त्यामुळं त्यांना एका कारणासाठी नाही म्हणता येत नाही. बाकीची दोन कारणं मागं उभी असतात.

मी भाड्यानं राहतो ती खोली मंगळवार पेठेत. मला वाटलं, चला, सुटलो, पेठ सांगितली की काम झालं. पण पाटाकडील मंगळवार पेठेतली आणि बालगोपालही मंगळवार पेठेतलीच. पेठ सांगितली की पुढचा प्रश्न येतो, "त्ये हाय, पण कुठली गल्ली?" शिवाजी पेठेतही तेच, खंडोबा तिथलीच आणि शिवाजी तरुण मंडळही तिथलंच. म्हणजे प्रकरण पेठेवरून गल्लीवर येतं, गल्लीवरून घरावर, आणि आमच्या घरमालकांच्या बाबतीत तर स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. आप्पा पाटाकडीलचे. काकूंचं माहेर शिवाजी पेठेतलं, त्यामुळं त्या खंडोबाच्या. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, गोत्र बदललं, आडनाव बदललं, तालीम बदलली नाही. या दोन तालमींचा सामना असला की त्या दिवशी घरात चहा दोन वेगळ्या पातेल्यांत होतो. आप्पा एकदा म्हणाले, "ऊन लई हाय, तू घरीच बस." काकू पदर खोचून म्हणाल्या, "मी जातो म्हंजे जातो. तुमी बसा की घरी, हरताना बघवणार न्हाई तुमास्नी."

शाहू स्टेडियम आज जिथं आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचा तलाव होता. कोल्हापुरानं आपले बरेच तलाव बुजवले. वरुणतीर्थाचं तर गांधी मैदान झालं. पर्यावरणवाल्यांना याचं दुःख होतं आणि ते रास्तच आहे. पण पाणी गेलं तरी त्या जागेची खळबळ गेली नाही, हे सामन्याच्या दिवशी रस्त्यावरूनच ऐकू येतं. हलगी, ताशा, शिट्ट्या, आणि लाउडस्पीकरवरून एक थकलेला आवाज, "प्रेक्षकांनी शांतता राखून सहकार्य करावे." एखाद्या स्टेडियममध्ये शांतता राखण्याची विनंती इतक्या मोठ्या आवाजात होते, हे मी फक्त इथंच पाहिलं.

गॅलरीत सगळेच माजी खेळाडू असतात. जे खरोखर माजी असतात ते गप्प बसून खारे शेंगदाणे खातात. बाकीचे खेळाडूंना सूचना देतात. "मार की!" "सोड की!" "आरं मागं बग मर्दा!" या तिन्ही सूचना एकाच खेळाडूला एकाच क्षणी मिळतात, आणि त्यानं त्यातली कुठलीही पाळली तरी उरलेले दोघं त्याची मंगळवार पेठेतली सात पिढ्यांची चौकशी करतात. एक काका सामनाभर मैदानाकडं पाठ करून उभे असतात. ते गॅलरीतल्या पोरांना सांगत असतात की आमच्या येळंला असा खेळ नव्हता. गोल झाला की पोरं उठतात, काका वळतात, आणि कुणी मारला ते पोरांनाच विचारून, "तरी सांगत होतो," म्हणतात.

ऑफसाइडचा नियम इंग्लंडात एकोणिसाव्या शतकातच झाला आणि तेव्हापासून तो कितीतरी वेळा बदलला. कोल्हापुरात तो दर हल्ल्याला बदलतो. समोरच्या संघानं गोल मारला की ऑफसाइड. आपल्यानं मारला की 'बरोबर टायमिंग'. विश्वचषकात 2018 पासून पंचांना व्हिडिओची मदत मिळू लागली. इथं पंचांना गॅलरीची मदत आधीपासूनच मिळते, फरक एवढाच की ती त्यांनी मागितलेली नसते. त्या मदतीतले छापण्यासारखे शब्द फक्त दोन, 'पंच' आणि 'आई', आणि तेही वेगवेगळ्या वाक्यांत छापावे लागतील.

या गॅलरीत बाहेरच्या माणसाला जागा नाही असं मात्र कुणी समजू नये. मधल्या काळात इथल्या संघांनी नायजेरियाचे खेळाडू आणायला सुरुवात केली. असाच एक उंचापुरा स्ट्रायकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायला आला. पहिल्या दिवशी पोरांनी त्याचं नाव विचारलं, दुसऱ्या दिवशी त्याचं सोपं केलं, आणि महिन्याभरात तो किराणा दुकानात उभा राहून "भावा, अंडी दे की" म्हणू लागला. तांबड्या रश्श्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा आख्ख्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आता तो पेठेचा माणूस. लग्नकार्याची आमंत्रणं त्याला जातात. मी त्याच्या आधी आलो, शुद्ध मराठी बोलतो, दरवर्षी वर्गणी देतो, आणि मला अजून "ते डोंबिवलीवाले" म्हणतात. कारण उघड आहे. त्यानं दिलबहारविरुद्ध शेवटच्या पाच मिनिटांत हेडरनं गोल मारला. मी काय मारलं?

वर्गणीचं निघालं म्हणून सांगतो. पाटाकडीलची पावती माझ्याकडं आहे आणि बालगोपालचीही आहे. स्टेडियमवर जाताना मी दोन्ही खिशात ठेवतो, एक डाव्या, एक उजव्या. कुठल्या बाजूला जागा मिळाली ते बघतो आणि कुणी पेठ विचारली की योग्य ती पावती काढतो. ही दुटप्पी वागणूक आहे, मान्य आहे. पण दोघांचा आपसात सामना असला की मी घरी बसतो, एवढी नीतिमत्ता माझ्यात अजून शिल्लक आहे.

कलकत्त्यात ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा आणि मोहन बागान जिंकलं की कोळंबी, असा जेवणाचा हिशेब असतो. 1997 मध्ये सॉल्ट लेकवर या दोघांच्या फेडरेशन कपाच्या सेमीफायनलला सव्वा लाखाहून जास्त माणसं आली होती आणि ईस्ट बंगालकडून बायचुंग भुतियानं हॅटट्रिक मारली होती. त्या रात्री कोळंबीचं काय झालं असेल याचा विचार माझ्या मनात येतो. कोल्हापुरात हा घोळच नाही. जिंकलं की आनंदानं मटण, हरलं की दुःखानं मटण, टायब्रेकर झाला की ताणानं मटण. सामना अर्ध्यावर बंद पडला तरी चूल पेटायची थांबत नाही.

सामने बंद पडतात, तेही सांगितलं पाहिजे. बाटली येते, मग दगड येतो, मग काठ्या घेऊन खाकी वर्दी येते, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात गोल कुणी मारला यापेक्षा डोकं कुणाचं फुटलं याला जास्त जागा मिळते. मला यात काही मर्दानी वगैरे दिसत नाही. शिवी ही गॅलरीची भाषा आहे, पण दगड ही नाही. खालच्या पायरीवर आईच्या मांडीवर बसून सामना बघणारं पोर असतं, आणि दगडाला पेठ कळत नाही. ज्याला मारामारीच करायची आहे त्याच्यासाठी महाराजांनी पलीकडं खासबाग बांधून ठेवलंय. तिथं निदान लंगोट बांधून, नियमानं, एकट्यानं उतरावं लागतं. दगड मारणारा नेमका त्यालाच घाबरतो.

जपानी प्रेक्षक विश्वचषकात सामना संपल्यावर स्टेडियम झाडून जातात. त्याचे फोटो आमच्या बँकेच्या ग्रुपवर दर चार वर्षांनी येतात आणि खाली हात जोडलेले असतात. मी ते आप्पांना दाखवले. आप्पांनी नीट निरखून पाहिले. म्हणाले, "हरले आसतील. जिंकल्यावर कोण झाडतंय?" मी सांगितलं की 2022 मध्ये त्यांनी जर्मनीला हरवलं तेव्हाही झाडलं होतं. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग त्यांच्यात शेंगदाणे खात नसतील."

विश्वचषक आला की पेठा आपसातलं भांडण महिनाभर स्थगित करतात आणि दक्षिण अमेरिकेतलं उसनं घेतात. एका गल्लीवर ब्राझीलचा पिवळा-हिरवा, पुढच्या गल्लीवर अर्जेंटिनाचा आकाशी-पांढरा, चौकात मेस्सीचा फ्लेक्स, आणि फ्लेक्सच्या खालच्या कडेला शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, गॉगलसह. मेस्सीपेक्षा शुभेच्छुक जास्त असतात. 2014 मध्ये जर्मनीनं ब्राझीलला त्यांच्याच देशात सात-एक असं हरवलं. आपल्याकडं तेव्हा पहाट होत होती. ब्राझीलवाल्यांनी उजाडायच्या आत झेंडे उतरवले, तरी 'सात-एक' हा हिशेब पेठेत अजून मिटलेला नाही. परवाच एका भाजीवाल्यानं गिऱ्हाइकाला त्यावरून छेडलेलं मी ऐकलं. डिसेंबर 2022 मध्ये अर्जेंटिना फ्रान्सविरुद्ध टायब्रेकरवर जिंकली तेव्हा मात्र फटाके, हलगी आणि गुलाल असा कार्यक्रम झाला. ब्यूनस आयर्सला लोक रस्त्यावर आले असतील, पण गुलाल त्यांच्याकडं कुठला?

सगळ्या पेठा खरोखर एका बाजूला बसल्या त्या 2017 मध्ये. सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत दिल्लीत तिन्ही सामने हरला. इथं कुणी पंचांना काही बोललं नाही, कुणी कुणाची पिढी काढली नाही. ते इतकं अनोळखी होतं की आप्पांना बरं नसावं असं काकूंना वाटलं. सुदैवानं स्थानिक हंगाम सुरू झाला आणि आप्पा पुन्हा ओरडू लागले.

तुम्हाला यायचं असेल तर पाऊस लागायच्या आत या. जूनमध्ये कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की रावणेश्वर आपली जुनी जागा मागू लागतो. पाटाकडील विरुद्ध खंडोबा असेल तर वेळेच्या बऱ्याच आधी पोचा, डोक्याला टोपी घाला, चष्मा असेल तर दोरी बांधा. आणि जेवण मात्र सामन्यानंतर ठेवा, कारण गोल झाला की शेजारचा माणूस तुम्हाला उचलून घेतो आणि खाली ठेवायचं त्याच्या लक्षात राहत नाही.