वार्धक्याचा दस्तूर

मोटार बाळगण्याच्या परवान्यास १९९० पासून १० वर्षांची मुदत घालणाऱ्या आणि ती ओलांडून जगणाऱ्या गाडीच्या रस्ताकरावर दरसाल १० टक्क्यांनी चढत ५० टक्क्यांपर्यंत जाणारा अधिभार बसविणाऱ्या सिंगापूर सरकारचे अभिनंदन करावे तितके थोडेच. झिजलेल्या गिअरबॉक्सच्या दुरुस्तीतून मालकास लाभणाऱ्या समाधानात खजिन्याचाही हिस्सा असावा, हे न्याय्यच होय. हाच कायदा मनुष्यमात्रास लागू करून साठीनंतरच्या श्वासोच्छ्वासावर चढता कर आकारल्यास वार्धक्य केवळ लायक, अर्थात सधन, इसमांच्याच वाट्यास येईल. यमधर्माच्या दप्तरी मात्र अशी शिस्त नाही. तेथे प्रकृती पाहिली जाते. सिंगापुरात ५ वर्षांची मुदतवाढ एकदा संपली, की ठणठणीत इंजिनाची गाडीही मोडीत अथवा परदेशी रवाना होते.